अकरा गोळ्या, तीन डॉक्टर आणि पायांची सूज

ताई, तुमच्या सासूबाईंना तीन डॉक्टरांच्या मिळून अकरा गोळ्या, त्यात पायांना सूज आणि आता सुजेवर आणखी एक गोळी, हे वाचून आमचे बाबाच आठवले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे माझं वाचून एकही गोळी परस्पर बंद करू नका.

बाबांना हृदयाच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन-अम्लोडिपिनची जोडगोळी (बीपीची दोन औषधं एकाच गोळीत) दिली होती आणि फॅमिली डॉक्टरांची नुसती अम्लोडिपिन आधीपासून चालूच होती. ब्रँड वेगळे, रंग वेगळे, संशय कुणाला येणार? अम्लोडिपिनने घोटे सुजतात, डोस वाढला की जास्तच. ती सूज बघून तिसऱ्या डॉक्टरांनी लघवीची गोळी (अंगातलं पाणी काढणारी) लावली. मग रक्तातलं सोडियम उतरलं, चक्कर सुरू.

पकडलं आमच्या मेडिकलमधल्या फार्मासिस्ट मुलीने. अख्खी पिशवी काउंटरवर ओतायला लावली, पट्ट्या उलट्या करून बारीक अक्षरं वाचली आणि दोन पट्ट्या शेजारीशेजारी ठेवून म्हणाली, "हे औषध दोनदा जातंय." गोळी बंद करणं तिच्या हातात नव्हतं, म्हणून डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली.

खरा मनस्ताप पुढे. बाबांना घरी सोडताना हॉस्पिटलने दिलेल्या डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ होती, 'पूर्वीची औषधे चालू ठेवा'. कोणती, ते कुणी विचारलंच नव्हतं! फार्मासिस्टची चिठ्ठी घेऊन हॉस्पिटलमध्ये गेलो तर तिथल्या काउंटरवर उत्तर, "कार्डावर आहे तेच घ्या, बदल हवा तर नवीन केसपेपर काढा, डॉक्टर पुढच्या आठवड्यात." फोन केला की बिलिंगला जोडून द्यायचे. या अडवाअडवीत बाबा बाथरूममध्ये पडले. शेवटी फॅमिली डॉक्टरांनीच बीपी बघत एक अम्लोडिपिन काढली, मग लघवीची गोळीही. सूज गेली.

म्हणून माझं मत (पटलं तर घ्या): आधी स्पेशालिस्टकडे धावू नका. दुपारी दुकान रिकामं असताना जा आणि फार्मासिस्टलाच भेटा, काउंटरवरच्या पोऱ्याला नाही. रुग्णाला औषध समजावून सांगणं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांप्रमाणे त्यांचं कामच आहे. गुडघ्याच्या पेनकिलर आणि चूर्णंही पिशवीत टाका. पेनकिलरनेही बीपी वाढतं, सूज येते. अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर गरज आहे का विचारा, पण अॅस्पिरिन चालू असेल तर पोट सांभाळायला ही गोळी मुद्दाम दिलेली असू शकते. ही गोळी एकदम सोडली तर जळजळ उसळते, ते वेगळंच. झोपेची गोळी तर स्वतःहून कमी किंवा बंद करूच नका.

आणि हो, मेडिकलवाले चार गोळ्या कापून देतात तेव्हा नाव आणि एक्सपायरी दुसऱ्याच तुकड्यावर राहते. कापण्याआधी पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा.