जुनी जपानी स्ट्रॅट घ्यावी की नवी? आणि लॉकिंग खुंट्या बसवून सूर टिकेल का?

तुम्ही विचारलंय की 1980च्या दशकातली जपानी फेंडर स्ट्रॅटोकास्टर मिळते आहे, पण ती सुरात राहत नाही. विकणारा म्हणतो, खुंट्या गेल्यात. मग ती घेऊन लॉकिंग खुंट्या (तार आतच पकडून ठेवणाऱ्या) बसवाव्यात, की त्याच पैशात नवी गिटार घ्यावी?

खुंट्यांवर आळ घेण्याआधी त्या कशा चालतात ते बघा. खुंटीतला आटे पाडलेला दांडा दातेरी चक्र फिरवतो, पण चक्राला दांडा उलटा फिरवता येत नाही. त्यामुळे तारेच्या ताणाने खुंटी आपोआप सैल होणं दुर्मिळच. जुन्या क्लूसन (खुंट्यांची जुनी कंपनी) पद्धतीच्या खुंटीत दात झिजून थोडा हलका फेर येतो, म्हणजे खुंटीचा कान पिळल्यावर सुरुवातीला काहीच घडत नाही. त्याला उपाय फुकटचा आहे: सूर नेहमी खालून वर चढवत लावा. वर गेला तर पुरता उतरवा आणि पुन्हा चढवा.

खरा दोषी बहुतेक वेळा नट असतो, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात. गिटार बघायला जाल तेव्हा ही चाचणी करा. गिटार सुरात लावा, ट्रेमोलोचा (तारांचा ताण कमी-जास्त करणारा) दांडा पूर्ण खाली दाबून सोडा. एखादी तार चढी लागली, तर ती नटच्या खाचेत किंवा स्ट्रिंग ट्रीखाली (खुंट्यांजवळ तार खाली दाबणारी छोटी पट्टी) अडकते आहे. मग तीच तार जोरात बेंड करून (बोटाने बाजूला ताणून) सोडा. आता ती उतरी लागली, आणि नटच्या मागे, खुंटीच्या बाजूला, बोटाने दाबल्यावर पुन्हा जागेवर आली, तर शंकाच नको. सूर लावताना 'टिंग' असा आवाज येणं हीही तीच खूण. दाबूनही सूर परत येत नसेल तर तार खुंटीवर घसरते आहे.

नटमध्ये तार अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे 9-42च्या तारसंचासाठी कापलेल्या खाचांत कुणीतरी जाड 10-46 चढवलेला असतो (आकडे म्हणजे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). दुसरी तार 11वरून 13वर जाते, सहावी 42वरून 46वर. खाच रुंद करायला नट फाइल लागते. तळ खोल गेला तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) खरखरते आणि नटच बदलावा लागतो. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासून बघा, पण ते तात्पुरतंच.

घसरण्याचं कारण तार गुंडाळण्यात असतं. जुन्या फेंडर खुंटीच्या मधोमध भोक असलेली फट असते. तार त्या खुंटीच्या पुढे सुमारे दीड-दोन खुंट्यांच्या अंतरावर कापा, टोक भोकात घाला आणि वरून खाली वेढे द्या: जाड तारांना दोन-तीन, बारीक तारांना तीन-चार. एकावर एक चढलेले वेढे नंतर आवळत जातात आणि सूर उतरतो. लॉकिंग खुंटीत एक वेढाही पुरा लागत नाही. तिचा खरा फायदा हाच, शिवाय तार बदलणं झटपट होतं. अडकणाऱ्या नटवर ती काहीही करू शकत नाही.

तरी बसवायच्याच असतील तर खुंटी ज्यात बसते ते मानेच्या टोकातलं भोक मोजा. जुन्या धाटणीचं भोक साधारण 8.5 ते 8.8 मिलिमीटर असतं, बऱ्याच नव्या खुंट्यांना 10 लागतं. रुंद केलेलं भोक परत अरुंद होत नाही, आणि जुन्या गिटारची किंमत तिथेच पडते. गोतोह या जपानी कंपनीची एसडी91 खुंटी लॉकिंग प्रकारातही मिळते आणि ती जुन्या भोकात बसते. काढलेल्या खुंट्या आणि स्क्रू पाकिटात जपून ठेवा, विकताना उपयोगी पडतील.

आता गिटार. खुंट्या हजारांत येतात, मान मात्र तेवढ्यात येत नाही. पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर सहावी तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास ठीक. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेचा बाक सुधारणारी आतली सळई) अजून फिरतो का ते कळायलाच हवं. 1957 आणि 1962च्या धाटणीच्या मॉडेलमध्ये त्याचा स्क्रू मानेच्या बुडाशी असतो, म्हणजे तारा सैल करून मान उकलावी लागते. तेवढ्यात मान आणि धड एकाच काळातले वाटतात का तेही बघा. चार स्क्रूंची मान कुणीही बदलू शकतो. पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली खोल खड्डे असतील तर फ्रेट बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. व्हॉल्यूम पूर्ण उघडून, केबल लावून मल्टिमीटरने एकेक पिकअप (तारांचा आवाज विजेत बदलणारी चुंबकी गुंडाळी) मोजा: जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपला, साधारण 5 ते 7 किलोओहम दिसायला हवेत. एखाद्याला याच्या कितीतरी पट आकडा दिसला, तर ती गुंडाळी तुटलेली आहे.

आणखी एक: जुन्या धाटणीचा फिंगरबोर्ड (मानेचा बोटं दाबायचा भाग) 7.25 इंचांच्या गोलाईचा असतो; आकडा लहान तितका तो जास्त गोल. तारा अगदी खाली ठेवून वरच्या फ्रेटवर मोठे बेंड घेतले की सूर गुदमरतो. नव्या मॉडेलमध्ये 9.5 इंच किंवा त्याहून सपाट मिळतो. तुम्ही बेंड भरपूर घेत असाल तर मी नवीच घेईन म्हणतो. कॉर्ड आणि ऱ्हिदम जास्त असेल आणि मानेचा ट्रस रॉड हलत असेल, तर ही जपानी उचला. विकणारा मान उघडू देत नसेल, तर मात्र घाई करू नका.