अ‍ॅप काढायच्या आधी ‘पेंडिंग’चा आकडा बघा

धानोऱ्याच्या आशा ताई, तुमचे अ‍ॅपमध्ये भरलेले गृहभेटीचे फॉर्म ‘पेंडिंग’मध्ये, म्हणजे सर्व्हरवर न जाता अडकलेत आणि ऑफिसातून ‘अ‍ॅप काढून परत टाका’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. थांबा! सर्व्हरवर न गेलेली माहिती फक्त फोनमध्येच असते, अ‍ॅप काढलं की ती गेलीच. ‘क्लिअर डेटा’ दाबला तरी तेच.

आमच्याकडे अगदी हेच झालं. कार्यालय कोणतं ते सांगत नाही, उगाच भानगड नको. तिथल्या ऑपरेटरला मी विचारलंही होतं, भरलेलं जाणार तर नाही ना जी? म्हणे, ‘सगळं क्लाउडवर असते.’ अहो, रेंजच नाही म्हणून जे गेलंच नाही, ते क्लाउडवर कुठून येईल? दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आपण आशा बाळ बघायला घरी जातो, त्या भेटी पुसल्या गेल्या. परत भरा म्हणाले, तर तारीख मागे घेता येईना. सातव्या दिवसाची भेट आज झाली असं दिसायला लागलं. आणि बिलाच्या वेळी तेच ऑफिस म्हणतं, भेटी उशिरा दिसतात, या भेटींच्या मोबदल्याचे 250 रुपये कसे काढायचे? बाळांची वजनं रजिस्टरात होती म्हणून निभावलं. घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं हे काम ‘सर्च’ संस्थेच्या बंग डॉक्टरांनी आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात गावच्या बायांना शिकवून उभं केलं, तेव्हा कुणाच्या हातात मोबाईल नव्हता. ‘आता रजिस्टर कशाला’ म्हणणाऱ्याला पावसाळ्यात एकदा नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर पाठवा, असं माझं मत.

मी काही तंत्रज्ञ नाही, आणि तुमचं अ‍ॅप वेगळंही असेल. पण आधी पेंडिंग यादीचे स्क्रीनशॉट घ्या. फोनची तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा, ती चुकली तरी सिंक, म्हणजे माहिती सर्व्हरवर जाणं, अडतं. बॅटरी सेव्हर बंद करा, व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ उडवून जागा करा. मग रेंजमध्ये उभं राहून आकडा शून्य होईपर्यंत अ‍ॅप उघडंच ठेवा, मधे दुसरं काही बघू नका. तरीही नाही गेलं, तर ‘अ‍ॅप काढल्यावर माहिती जाणार नाही’ एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. आमच्या गटात हे मागायला लागल्यापासून ‘काढून टाका’ कुणी म्हणत नाही.

आभा कार्डाचंही, म्हणजे त्या आरोग्य ओळखपत्राचंही विचारलंत. घरचा माणूस मिरची तोडायला तेलंगणात आणि ज्यावर ओटीपी येतो तो आधारला जोडलेला नंबर त्याच्याजवळ, ही अडचण घरोघरी आहे. तो वावरातून परतल्यावर, संध्याकाळीच त्याला फोन करा. आधी बायकोला बोलू द्या, ओटीपी कशाचा येणार ते तिनंच सांगावं. आपण एकदम मागितला तर तो फ्रॉड समजून फोन ठेवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.