आई गेली, आणि पुस्तक वाचताना हसू आलं

"आईला जाऊन चार महिने झाले. परवा कादंबरी वाचताना मी खदाखदा हसले. दादा बघतच राहिला. माझं काही बिघडलंय का?" माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या तिशीतल्या एका बाईंचा पहिल्याच भेटीतला प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

हसू नेमकं कुठे आलं, हे आधी विचारलं. कादंबरीत वडील वारलेत, तीन भावंडं कपाट आवरतायत. वाटणीवरून आवाज चढलेला असतानाच खणात पडलेलं वडिलांचं श्रवणयंत्र शिट्टी मारू लागतं. धाकटा म्हणतो, "अण्णा ऐकतायत हं!" इथे बाई हसल्या आणि पाठोपाठ रडल्या. कारण त्यांच्या घरी आईच्या मोबाईलवर गोळ्यांचा गजर अजून रोज रात्री आठला वाजतो. तो कायमचा बंद करायला कुणाचा हात धजत नाही.

आई आठवली म्हणूनच हसू आलं होतं. पण दुःखाचे पाच टप्पे (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) पार पडल्यावरच हसायची परवानगी मिळते, असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं. ते टप्पे मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले, तेही स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हे. शोकाचा अभ्यास करणाऱ्या स्ट्रोब आणि शूट या मानसशास्त्रज्ञांची १९९९ ची मांडणी मला अधिक कामाची वाटते: माणूस कधी दुःखात बुडतो, कधी त्यातून बाहेर येऊन रोजच्या कामाला लागतो, आणि अशी ये-जा होणं हेच निरोगी. बोनॅनो आणि केल्टनर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९७ च्या अभ्यासात, जोडीदार गेल्यानंतर साधारण सहा महिन्यांनी त्या नात्याबद्दल बोलताना मनापासून हसलेल्यांना त्रास कमी असल्याचं दिसलं. हसल्यामुळेच त्रास कमी झाला, असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

मरणाच्या घरातला विनोद सांगणारी अशी पुस्तकं शोकात असलेल्या कुणालाही, कशीही देऊन चालत नाही. सर्वात आधी बघायचं, विनोद कुणावर आहे. कपाटावर, कागदपत्रांवर, सांत्वनाला येऊन स्वतःचीच दुखणी सांगणाऱ्या पाहुण्यांवर असेल तर बहुधा चालतो. गेलेल्या माणसाला किंवा रडणाऱ्याला हास्यास्पद केलं असेल, तर पुस्तक बाजूला ठेवायचं. दुसरं, पहिल्याच पुस्तकात तेच नातं आणि तोच आजार नको. बाईंचं जमलं, त्यात हाही भाग होता: कादंबरीत आई नव्हे, वडील, आणि तेही अचानक गेलेले. घरच्या कुणीतरी आधी शेवट वाचून ठेवावा. शेवटच्या प्रकरणात सगळं गोड करून टाकणाऱ्या कादंबऱ्या फार चिडचिड करवतात, "त्यांचं सावरलं, माझं का नाही?" हे मी वारंवार ऐकते.

सुरुवातीच्या आठवड्यांत लक्षच टिकत नाही. तेच पान तीनदा वाचलं जातं. तेव्हा कादंबरी नको, आठ-दहा पानांची कथा घ्यावी किंवा कुणाकडून वाचून घ्यावी. एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटं पुरेत, आणि शक्यतो झोपण्याच्या अगदी आधी नको, कारण दिवा मालवल्यावर आठवणी उसळल्या तर सोबतीला कुणी नसतं. वाचून झाल्यावर एकच ओळ लिहायची: कुठे हसू आलं आणि तेव्हा आपलं काय आठवलं. बाईंच्या वहीत पहिली नोंद "आठचा गजर" अशी होती. उलट, दिवसभर एकामागून एक पुस्तकं संपवायची आणि घरात कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही, हे दुःख टाळणं झालं. तिथे मी वाचन कमी करायला सांगते.

वर्ष उलटूनही जवळजवळ रोज गेलेल्या माणसाची तीच तीव्र ओढ असेल आणि कामधाम ठप्प असेल, तर पुस्तकावर भिस्त ठेवू नये, तज्ज्ञाकडे तपासून घ्यावं. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये.

दोन भेटींनंतर बाईंनी विचारलं, "दादा पुस्तक मागतोय, देऊ?" आईच्या शेवटच्या रात्री दवाखान्यात तो एकटाच होता, आणि कादंबरीचं दुसरं प्रकरण अतिदक्षता विभागात घडतं. म्हटलं, द्या, पण ते प्रकरण कशाबद्दल आहे हे आधी सांगा आणि तिसऱ्यापासून सुरू करायला सांगा. कथा कळायला काही अडत नाही.