काकाच जन्मदाता आहे, हे त्याला कोण सांगणार?

मे महिन्यातली दुपार. सुनंदाताई आणि त्यांचे यजमान समोर बसले होते (नावं आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत). ताईंच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात दत्तकपत्राची झेरॉक्स, घडीवर विरत आलेली.

लग्नाला अकरा वर्षं होऊनही मूल नव्हतं. धाकट्या दिराला तिसरा मुलगा झाला, तो आठ महिन्यांचा असताना जावेनं ताईंच्या ओटीत घातला. दत्तकपत्र रीतसर नोंदवलं. ओंकार आता सतरा वर्षांचा आहे. जन्मदात्याला काका म्हणतो, सख्ख्या भावांना चुलतभाऊ समजतो. गावातल्या टपरीवाल्यालासुद्धा खरं ठाऊक आहे. ओंकारला तेवढं नाही.

मग आताच धावपळ कशाला? अकरावी संपली होती आणि जात पडताळणीचं प्रकरण करायचं होतं. त्यासाठी वंशावळ आणि जुने दाखले शोधताना ग्रामपंचायतीतला जन्मनोंदीचा उतारा निघाला. त्यावर वडिलांच्या रकान्यात काकाचं नाव.

"फॉर्म तोच मोबाइलवर भरतो हो मॅडम," ताई म्हणाल्या. यजमानांचा तोडगा तयार होता : "एजंटाला देऊन टाकू. त्याला कळायचंच नाही."

खरा प्रश्न ताईंनी उठता उठता विचारला. "कळल्यावर तो तिकडे परत गेला तर?"

नात्यातलं मूल दत्तक घेतलेल्या बहुतेक आया हे विचारतात, आणि तेही दाराशी पोचल्यावर. मी त्यांना पुन्हा बसवलं. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, 1956, कलम 15 : कायदेशीर झालेलं दत्तक दत्तक आईवडिलांना किंवा आणखी कुणाला रद्द करता येत नाही, आणि मुलालाही ते नातं सोडून जन्मघरी परतता येत नाही. कागदावर ओंकार तुमचाच आहे आणि तुमचाच राहणार.

ताईंचा चेहरा सैल झाला. यजमान लगेच म्हणाले, "मग सांगायची गरजच काय?"

मुलाला सांगा असं हा कायदा कुठे म्हणत नाही, हे खरं. पण कलम 12 मध्ये एक अपवाद आहे. दत्तक गेल्यावर जन्मघराशी नातं तुटतं, मात्र जन्मघरात राहून ज्या मुलीशी लग्न करता आलं नसतं तिच्याशी दत्तक गेल्यावरही करता येत नाही. जावेच्या बहिणीची मुलगी ओंकारला पाहुण्यांची मुलगी वाटणार, खरं तर ती त्याची मावसबहीण. आपण कुठून आलो हे मुलाला ठाऊक असेल, असं कायद्यानं धरूनच चाललंय, असा मी त्याचा अर्थ लावते.

संस्थेतून दत्तक आलेल्या मुलांसाठी नियम स्पष्ट आहेत. अठरा पूर्ण झाल्यावर ते मूल आपल्या मुळाच्या शोधासाठी स्वतः अर्ज करू शकतं, त्याआधी दत्तक आईवडिलांसोबत. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत, जी भारतानं 1992 मध्ये स्वीकारली, कलम 7 म्हणतं की शक्य असेल तिथवर मुलाला आपले आईवडील जाणण्याचा हक्क आहे. इथे तर 'शोध' अंगणाच्या पलीकडच्या दारात संपतो. म्हणूनच घरातलं दत्तक मला जास्त अवघड वाटतं. गुपित रोज पंगतीला बसलेलं असतं.

'योग्य वेळ आली की सांगू' यावर माझा विश्वास नाही. आपल्याला हे पहिल्यांदा कधी कळलं ते मुलाला आठवूच नये, इतक्या लवकर सांगावं. सतराव्या वर्षी उशीर झालेलाच होता, पण खिडकीतल्या कारकुनानं सांगण्यापेक्षा बरं.

ताईंनी माझ्यासमोर तीनदा सराव केला. तिन्ही वेळा सुरुवात "आम्हाला मूल होत नव्हतं" अशी. मी म्हटलं, ही तुमची गोष्ट झाली, त्याची त्याच्यापासून सुरू करा : तू काकूच्या पोटी जन्मलास. काका-काकूंना त्या वेळी बोलावू नका, दोघंच बसा. आणि रडू आलं तर येऊ द्या.

तीन आठवड्यांनी ओंकार आला. वडील बाहेर थांबले. त्याचा राग जन्मावर नव्हताच. "आजीला माहीत होतं. दादाला माहीत होतं. टपरीवाला मला चहा देताना काय बघत असेल?" काकाच्या दारावरून तो आठवडाभर गेला नव्हता, मागच्या बोळातून फिरून जायचा. काकूला काय म्हणायचं, हेही त्यानं विचारलं. काकूच म्हण, मी म्हटलं, तोंडात दुसरं काही येईपर्यंत. वंशावळ मात्र स्वतः लिहीन म्हणाला, एजंट नको.

मग बराच वेळ तो बॅगेची चेन उघडत-मिटत राहिला.

"मॅडम, मी बारावीला नापास झालो, किंवा यांचं माझ्याशी पटलं नाही, तर हे मला परत देऊ शकतात?"

मी तेच पुस्तक काढलं, तेच कलम 15. त्यानं ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं, मोबाइलवर फोटो काढला.

"आईला पाठवतो," म्हणाला.

तिनंही मला हेच विचारलं होतं. ते मी त्याला सांगितलं नाही.