पाच वचनं वर वाचा

प्रिय ताई, प्रेझ द लॉर्ड.

मी नगरला राहते. वय 47. हे एमआयडीसीत कामाला, मुलगा बारावीला. दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ मोटरसायकलवरून पडला आणि जागीच गेला. तो चर्चला येत नसे. त्याची तयारी झाली होती का, हा विचार मला झोपू देत नाही. तेव्हापासून मी जागी झाले. पहाटे चारला प्रार्थना, शुक्रवारी उपास, शनिवारी आमच्या गटात प्रकटीकरणाचा, म्हणजे बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचा, अभ्यास. युद्धं, भूकंप, रोगराई, सगळी चिन्हं दिसत आहेत. ‘न्यायाधीश दाराशी उभा आहे’ हे वचन मी मोठ्या अक्षरांत छापून घेऊन घराच्या दारावर लावलं आहे.

ह्यांना मात्र कशाचं काही नाही. रविवारी उपासनेला येतात, तेही शेवटच्या बाकावर. गटात चला म्हटलं की नुसते हसतात. मागे तीन दिवसांचा मेळावा झाला, त्याला मी तीन हजार वर्गणी दिली. घरखर्चातून निघत नव्हते म्हणून धुण्याभांड्याच्या मावशींचे दोन महिन्यांचे पैसे थांबवले, त्या काही बोलल्या नाहीत. तर हे म्हणाले, “आधी मावशींचे दे, मग स्वर्गाचं बघ.” इतकं त्यांचं मन जगात अडकलंय. त्यांना जागं कसं करू? आमचं जुनं चर्च थंड आहे, ते सोडू का? प्रभू आला आणि हे मागे राहिले तर?

— तुमची एक बहीण

बाई, सलाम.

तुमचं पत्र चार पानांचं. वर दिलंय ते त्याचं सार आहे. त्या चार पानांत मावशी एकदाच येतात, अर्ध्या वाक्यापुरत्या, आणि लगेच दिसेनाशा होतात. मी मात्र त्या अर्ध्या वाक्यापाशीच अडले. बाकीचं पत्र मी दोनदा वाचलं, ते वाक्य किती वेळा वाचलं ते मोजलं नाही.

भावाबद्दल वाचून जीव कळवळला. तुम्हाला झोप का लागत नाही हे मला कळतं, आणि त्या दुःखावर शहाणपणाचं बोलायची माझी हिंमत नाही. त्यामुळे तुमच्या पहाटेच्या प्रार्थनेला मी नावं ठेवणार नाही. उठा, करा. प्रभू येणार आहे आणि हिशोब होणार आहे, हे मीही मानते. दर रविवारी उपासनेत उभी राहून मीही म्हणते की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल, आणि ते शब्द मी नुसते ओठांनी म्हणत नाही. म्हणूनच तुमच्या पत्राचा मला राग आला. ज्या गोष्टीवर माझाही विश्वास आहे तिची भीती तुम्ही भलत्याच माणसासाठी धरून बसला आहात.

दारावर लावलेलं वचन कुठलं आहे, ते एकदा उघडून बघा. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय, नववं वचन. आता बोट पाच वचनं वर सरकवा. चौथं वचन. तिथे याकोब म्हणतो, ज्या कामकऱ्यांनी तुमची शेतं कापली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि त्यांच्या आरोळ्या सेनाधीश प्रभूच्या कानापर्यंत पोचल्या आहेत. न्यायाधीश दाराशी उभा असल्याचं तोच याकोब, त्याच पत्रात, पाच वचनांनंतर सांगतो. मधलं तोडून खालचं तेवढं तुम्ही दारावर लावलंत.

आणि रोज सकाळी त्या दाराशी कोण उभं असतं? मावशी घंटी वाजवतात, चपला बाजूला काढतात, त्या वचनाखालून आत येतात, मोरीत बसून तुमची भांडी घासतात आणि पुन्हा त्याच वचनाखालून परत जातात. दोन महिने हे चाललंय. त्यांना वाचता येतं की नाही, तुम्ही लिहिलं नाहीत. येत असेल तर त्यांनी ते वचन वाचलंच असेल.

“त्या काही बोलल्या नाहीत,” असं तुम्ही लिहिता. बोलणार कशा? चार घरची कामं करणारी बाई एका घरी पैशांसाठी तोंड उघडताना दहा वेळा विचार करते. हे घर सुटलं तर दुसरं लगेच मिळेल याचा भरवसा नसतो. मग ती गप्प बसते आणि किराणावाल्याच्या वहीत आकडा वाढवते. नाहीतर बचत गटातून उचलते, शेकडा दोननं. महिन्याला दोन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला चोवीस. तुमच्या मेळाव्यात जी गाणी झाली, त्याचं व्याज कदाचित मावशी भरत असतील. त्यांच्या गप्प राहण्याला तुम्ही संमती समजलात. याकोब तर म्हणतो मजुरीच ओरडते. माणूस गप्प बसला तरी ती गप्प बसत नाही.

माझी आजी बायबलबाई होती. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावाभोवतीच्या वस्त्यांवर शुभवर्तमानाची पुस्तकं घेऊन पायी हिंडायची. आजोबा शाळामास्तर, थोडी जिरायती जमीन. दुष्काळ सरून दुसरं वर्ष, म्हणजे 1974, मी नऊ-दहा वर्षांची. शनिवारी खुरपणीच्या बायांचे पैसे वाटताना एकीचे तीन रुपये राहिले. आजीकडे सुटे नव्हते, आणि ती मजूर बाई म्हणाली असू दे बाई, सोमवारी दे. रात्री जेवणं झाली, आजीनं कंदील जवळ ओढून उद्याच्या प्रभुभोजनासाठी उतारा काढला आणि मधेच पुस्तक मिटलं. शेजारून सुटे आणले आणि मला कंदील देऊन मामाबरोबर वस्तीवर पाठवलं. त्या बाईच्या घरात दिवा नव्हता. चूल गार होती, इतकी गार की तिच्यावर मांजर निजलं होतं. दोन पोरं भिंतीला टेकून जागीच बसली होती. मामानं तीन रुपये हातात दिले तेव्हा तिनं मोठ्या पोराला दुकानाकडे पिटाळलं, आणि वाण्यानं मिटलेल्या फळ्या पुन्हा काढल्या त्याचा आवाज मला अंगणातून ऐकू आला. ‘असू दे, सोमवारी दे’ म्हणणाऱ्या बाईच्या घरी चूल पेटलेली नव्हती. तेव्हापासून कुणी पैशांबद्दल ‘असू दे’ म्हटलं की मला ती चूल दिसते.

आजी अडाणी नव्हती आणि तिनं मनचंही काही काढलं नव्हतं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मोशेनं सांगून ठेवलंय, मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्याकडे लागलेलं असतं. तो आपल्यातला असो की परका, हेही तिथेच आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही ‘आपल्यातले’ हा शब्द बराच वापरला आहे आणि मावशी आपल्यातल्या नसाव्यात.

तुम्ही म्हणाल, पैसे मी चैनीत उडवले नाहीत, देवाच्या कामाला दिले. बाई, प्रभू ज्या गोष्टींवर खरोखर चिडला त्यातली ही एक आहे. मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढा. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ आहे, देवाला अर्पण झालंय, असं सांगून लोक हात झटकत होते, आणि तुम्ही देवाचं वचन रद्द करता असं तो त्यांना तोंडावर म्हणाला. मावशींनी घासलेल्या भांड्यांचे पैसे तुमचे नव्हतेच. जे तुमचं नाही ते देवाला कसं अर्पण करता येईल? मेळाव्याच्या पावतीवर नाव तुमचं असेल, पण दोन महिने वाकून ती वर्गणी भरली मावशींनी, त्यांना न विचारता.

आता तुमच्या ‘ह्यां’विषयी. ते शेवटच्या बाकावर बसतात, गटात येत नाहीत, हसतात. त्यांच्या श्रद्धेची मोजदाद मी करणार नाही, ते काम माझं नाही आणि तुमचंही नाही. पण चार पानांच्या पत्रात याकोबाचं म्हणणं बोललेला माणूस एकच आहे, आणि ते तुमचे यजमान. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातले दोन मुलगे आठवा. बापानं मळ्यात जा म्हटल्यावर एक नाही म्हणाला आणि नंतर गेला. दुसरा जातो जी म्हणाला आणि गेलाच नाही. तुम्ही ‘जातो जी’ फार मोठ्यानं म्हणता आहात. पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या वेळी राजाच्या उजवीकडे जी माणसं उभी आहेत त्यांना तर आपण काय केलं हेच ठाऊक नाही. प्रभो, तुला भुकेला आम्ही कधी पाहिलं, असं विचारतात. तुमच्या घरातल्या कुणालातरी मावशींची भूक दिसली होती. त्यांच्या तोंडचं ते वाक्य तुम्ही मला त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून पाठवलंत.

तुमच्या गटात कुणी म्हणेल की कृत्यांनी तारण होत नाही, कृपेनं होतं. होय. मग जक्कय जकातदाराचं घर बघा. प्रभू त्याच्याकडे आपणहून गेला, ती कृपा. ती घरात आल्याबरोबर जक्कय उभा राहून काय म्हणाला? ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो. ते ऐकून प्रभू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झालं. कृपा आली की पहिला हात कनवटीला जातो, तो असा.

शेवटाची वाट बघणारी माणसं तुमच्या आधीही होऊन गेली. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत प्रभूचा दिवस आलाच आहे समजून काहींनी कामधंदा सोडला आणि त्यांचा भार दुसऱ्यांवर पडला. प्रेषित पौलानं त्यांना काम करा, स्वतःची भाकर खा असं खडसावून लिहिलं. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या मागे हजारो लोक 22 ऑक्टोबर 1844 या तारखेकडे डोळे लावून बसले होते. काही शेतकऱ्यांनी उभं पीक तसंच रानात सोडलं. रात्र सरली, दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखा सूर्य उगवला, आणि माणसं धाय मोकलून रडली. पण त्यांच्यातल्याच काहींनी त्या तारखेच्या आधी घरोघर जाऊन देणी फेडली होती, केलेल्या चुका कबूल केल्या होत्या. तारीख साफ चुकली, तरी त्या घरांमध्ये पैसे पोचले होते. मला त्या चुकलेल्या माणसांबद्दल आदर वाटतो.

युद्धं आणि भूकंप ही चिन्हं आहेत का, चर्च सोडावं का, यजमानांना जागं कसं करावं, या तुमच्या तीन प्रश्नांना मी आज उत्तर देणार नाही. एकच सांगते, आणि ते आजच करायचं आहे.

हे वाचून संपलं की उठा. दोन महिन्यांचे तीन हजार. पत्र लिहून तुम्हाला बरेच दिवस झाले, एव्हाना तिसरा महिनाही भरला असेल, तर साडेचार. जवळ नसतील तर यजमानांकडे मागा. “तुम्ही म्हणाला होतात ते बरोबर होतं, मावशींचे पैसे द्यायचे आहेत,” एवढंच बोला. ते देतील. उद्या मावशी येतील तेव्हा देईन, असं करू नका, आणि मोबाईलवरूनही पाठवू नका. त्यांच्या घरी जा. कुठे राहतात ठाऊक नसेल, आणि मला भीती आहे की नसेलच, तर विचारत जा. दिवस मावळायच्या आत पोचा.

सोबत शुभवर्तमानाची पत्रिका नेऊ नका. पुढच्या मेळाव्याचं आमंत्रण नेऊ नका. वचन सांगू नका. दोन्ही हातांनी पैसे द्या आणि म्हणा, “माझं चुकलं, मावशी. पुन्हा होणार नाही.” त्या ‘असू द्या’ म्हणतील. ऐकू नका. चहा टाकला तर बसा आणि प्या.

भावाचं काय झालं हे मी तुम्हाला सांगू शकत नाही, आणि तुमच्या गटातलंही कुणी सांगू शकत नाही. तो प्रभूच्या हातात आहे. पहाटे चारला उठाल तेव्हा त्याला तिथेच राहू द्या. मावशींचे पैसे मात्र तुमच्या हातात आहेत.

जाऊन आलात की मला पुन्हा लिहा, मग चर्चचं आणि यजमानांचं बोलू. त्या पत्रात मावशींचं नाव लिहा. या चार पानांत मी शोधलं, कुठेच सापडलं नाही.

तुमची,
ताई