बालेकिल्ला ढासळतो की कोसळतो?

ब्रिटनमधील ऑर्पिंग्टनच्या १९६२ सालच्या पोटनिवडणुकीविषयी लिहिताना ‘हुजूर पक्षाचा बालेकिल्ला ढासळला’ म्हणावे की ‘कोसळला’, असे एका वाचकाने विचारले आहे. क्रियापदाचा निर्णय सोपा आहे: ढासळतो तो बुरूज किंवा तट, किल्ला पडतो, नाहीतर सर होतो. खरी हेळसांड ‘बालेकिल्ला’ या नामाची चालली आहे, आणि निवडणुकीच्या प्रत्येक निकालानंतर ती वाचावी लागते.

‘बाले’ म्हणजे बाल, म्हणून बालेकिल्ला म्हणजे छोटा किल्ला, असे जे ठासून सांगतात त्यांनी बालाघाटाला छोटा घाट म्हणून दाखवावे. फारसीत ‘बाला’ म्हणजे वरचा. वऱ्हाडात मोगल अमदानीत बालाघाट आणि पाईनघाट अशी जोडी होती. ‘पाईन’ म्हणजे खालचा. घाटावरचा मुलूख तो बालाघाट, तसा किल्ल्याच्या आतला सर्वांत उंच किल्ला तो बालेकिल्ला. राजगडावर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंद सपाट जागा, पसरल्या आहेत आणि त्यांच्या मधोमध बालेकिल्ला उभा आहे. माच्या हातच्या गेल्या तरी जिथून अखेरपर्यंत झुंजता येते, ती ही जागा.

आता ऑर्पिंग्टन पाहा. लंडनच्या आग्नेयेला, तेव्हा केंट परगण्यात असलेल्या या मतदारसंघात १९५९ साली हुजूर पक्षाला १४,७६० मतांची आघाडी होती आणि उदारमतवादी उमेदवार तिसरा होता. १४ मार्च १९६२ रोजी त्याच उदारमतवादी पक्षाचे एरिक लबक ७,८५५ मतांनी निवडून आले. धक्का एवढा मोठा, की त्याच वर्षीच्या जुलैत हुजूर पक्षाचे पंतप्रधान मॅकमिलन यांनी मंत्रिमंडळातील सात जणांना एका झटक्यात घरी पाठवले, त्यामागच्या कारणांत या निकालाने उघड केलेली नाराजीही होती. तरीही सत्ता हुजूर पक्षाकडेच राहिली. ती गेली ऑक्टोबर १९६४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, आणि तीही उदारमतवाद्यांकडे नव्हे, तर अगदी निसटत्या बहुमताने मजूर पक्षाकडे.

म्हणजे १९६२ साली पडली ती माची. भरवशाची एक जागा पोटनिवडणुकीत गेली आणि सरकार मात्र शाबूत राहिले, तर ‘माची पडली’ असेच लिहावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.