उजवीकडे पळताना बटण दाबलं की माणूस जागीच थांबतो. व्हॅलोरंटची की-सेटिंग कशी बदलू?

तुम्ही लिहिलंय की मोबाइलवरून नुकतेच पीसीवर आलात, हॉस्टेलच्या टेबलावर साधा ऑफिसवाला की-बोर्ड आहे, माउस १६०० डीपीआयला (एक इंच सरकल्यावर माउस जितके काउंट, म्हणजे टप्पे, मोजतो तो आकडा), व्हॅलोरंट या बंदुकांच्या गेममध्ये सेन्सिटिव्हिटी (माउस हलवल्यावर किती वळायचं तो आकडा, थोडक्यात सेन्स) १, आणि ऐन मारामारीत हात गोंधळतो. वर विचारून राहिलात की एखाद्या प्रो खेळाडूची सेटिंग जशीच्या तशी उचलू का. उचलू नका. त्याचा पंजा वेगळा, टेबल वेगळं.

आधी मूळ दुखणं बघू. डावा हात की-बोर्डवर ठेवा. अनामिका ए वर (डावीकडे), मधलं बोट डब्ल्यू आणि एस (पुढे-मागे) सांभाळतंय, तर्जनी डी वर (उजवीकडे), करंगळी शिफ्टवर, अंगठा स्पेसवर. आता उजवीकडे सरकत असताना एफ दाबायचंय. कोण दाबणार? तर्जनीच. म्हणजे डी सुटला आणि तुम्ही थांबलात. समोरच्याला उभं डोकं मिळालं, विषय संपला. आर, व्ही, जी यांचंही तेच. त्यामुळे मी सेटिंग लावताना एकच प्रश्न विचारतो: हे काम पळता-पळता करावं लागतं का? लागत असेल तर ते तर्जनीच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही.

माझ्याकडे ते असं लागलंय. टीमशी बोलायचं बटण मुळात व्ही वर असतं. ते अंगठ्याने दाबून धरलं तर उडी मारता येत नाही, तर्जनीने धरलं तर उजवीकडे जाता येत नाही. ते मी माउसच्या बाजूच्या पहिल्या बटणावर टाकलं आणि निम्मी कटकट तिथेच मिटली. बाजूच्या दुसऱ्या बटणावर ती अ‍ॅबिलिटी (पात्राची खास शक्ती), जी घाईत लागते. बाकी अ‍ॅबिलिटींपैकी सी मी अंगठा आत वळवून दाबतो. दोन दिवस विचित्र वाटतं, मग सवय होते. ई आडवं सरकताना मधल्या बोटाने घ्या, ते तेव्हा रिकामंच असतं. आर हलवू नका. त्यावरचं रीलोड (गोळ्या भरणं) आडोशाला उभं राहूनच करायचं असतं, तिथे थांबलात तरी कोणी मारत नाही. क्राउच, म्हणजे खाली वाकणं, कंट्रोलवर राहू द्या, शिफ्टवरची करंगळी तिथे सहज पोचते.

माउसचं चाक मात्र नक्की बघा. त्यावर शस्त्र बदलणं लावलेलं असतं आणि घाबरलेलं बोट चाकाला लागतंच. माझ्या हातात शेवटच्या राउंडला एकदा बंदुकीऐवजी चाकू आला होता. मित्र अजून बोलून दाखवतात. ते काढून टाका; १, २, ३ आकडे पुरेसे आहेत. रिकाम्या झालेल्या चाकावर हवं तर उडी लावा, स्पेसवरचीही तशीच ठेवून.

तरीही बटण दाबून काहीच होत नसेल तर दोष बोटाचा नाही, की-बोर्डचा असू शकतो. स्वस्त की-बोर्डमध्ये आत आडव्या-उभ्या तारांची जाळी असते आणि काही तीन-तीन बटणं एकत्र दाबली की त्याला तिसरं ओळखता येत नाही. नोटपॅड उघडा, डब्ल्यू आणि ए दाबून धरा, मग एकेक करून क्यू, ई, आर, सी दाबा. अक्षर उमटलं नाही तर ते बटण त्या जोडीबरोबर वापरूच नका, दुसरीकडे हलवा. नवा की-बोर्ड घ्यायची गरज बहुतेकदा पडत नाही. आणि हो, शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर जी स्टिकी कीजची खिडकी उघडते, ती विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन आजच बंद करा.

आता माउस. भाऊ, तुमचा खरा घोळ इथे आहे. व्हॅलोरंटमध्ये सेन्स १ असताना माउसच्या एका काउंटला ०.०७ अंश वळतं. १६०० डीपीआयचा हिशोब लावला तर माउस जेमतेम ८ सेंटीमीटर सरकला की तुम्ही पूर्ण गोल फिरता! मनगट थरथरलं तरी क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) डोक्यावरून भिंतीवर जाणार. डीपीआय ८०० करा, सेन्स ०.५. मग पूर्ण गोल फिरायला जवळपास ३३ सेंटीमीटर लागतील. महिनाभर यावर खेळा, मग वाटल्यास ०.३५ पर्यंत उतरा. तिथे साधारण ४७ सेंटीमीटर होतात. पण त्याला टेबलावर जागा लागते, त्यामुळे आधी पुस्तकं आणि चहाचा कप हलवा. पुढे काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा दुसरा गेम खेळलात तर व्हॅलोरंटच्या आकड्याला ३.१८ ने गुणायचं, हाताला तोच वेग मिळतो. विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद करा, नाहीतर बाहेर डेस्कटॉपवर हाताला वेगळीच सवय लागते.

एक आपल्याकडचं सांगतो, परदेशी व्हिडिओत हे मिळणार नाही. मे महिन्यात कूलरसमोर बसून खेळलात की त्या दमट हवेने कापडी माउसपॅड ओलसर होतो, तळहाताला घाम असतोच, आणि माउस जड सरकतो. मी एका उन्हाळ्यात रोज सेन्स वाढवत बसलो होतो. बिघडलं होतं ते पॅडचं, सेटिंगचं नाही. कूलरचा झोत टेबलावरून वळवा, जवळ एक सुती रुमाल ठेवा.

एक बटण दाबून चार कामं करणारे मॅक्रो किंवा डी दाबताच ए आपोआप सोडवणारे की-बोर्ड यांच्या नादी लागू नका. २०२४ च्या ऑगस्टपासून काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर असली आपोआप चाल पकडली की मॅचमधून बाहेर काढतात.

सगळं एका रात्रीत बदलू नका. या आठवड्यात बोलायचं बटण आणि चाक, पुढच्या आठवड्यात अ‍ॅबिलिटी. रँकच्या सामन्यांत जायच्या आधी रोज दोन डेथमॅच (प्रत्येकजण एकेकटा लढतो तो सामना) याच बटणांवर खेळा. कॅफेत गेलात तर बटणं आणि सेन्स अकाउंटसोबत येतात, पण तिथल्या माउसचा डीपीआय येत नाही. तो बसल्या बसल्या आधी विचारून घ्या. मी न विचारता खेळलो होतो आणि पहिला हाफ छताकडे गोळ्या मारण्यात गेला.